चार आणि पाचच्या मधली जागा

निमिया ओवेलारची वाचा पहिल्यांदा गेली ती भर कार्यक्रमात, आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या.

आमच्या राजधानीत, आसुन्सिओनमधे, मुलीचं पंधरावं सरलं की हॉल घ्यावाच लागतो, आणि हॉल घेतला की निवेदिका लागते. बापाबरोबरचा नाच, आजीचे आशीर्वाद, पंधरा जिवलगांच्या हातून लागणाऱ्या पंधरा मेणबत्त्या, हे सगळं ओवून घ्यायला एक गळा हवा. तो गळा निमियाचा असला म्हणजे अर्धा मान यजमानांना आपोआप मिळायचा. तिची स्पॅनिश अशी घोटीव की जुन्या घराण्यातल्या बायकाही तिच्यासमोर शब्द जपून वापरत. त्या संध्याकाळी सातव्या मेणबत्तीपाशी ती म्हणाली, "आणि आता येत आहे, जिने या मुलीला पहिलं..." आणि पुढे काही आलंच नाही. तोंड उघडं, ओठाचा उजवा कोपरा कुणी दोरीने ओढावा तसा वाकडा, आणि माइकमधून नुसतं "त... त... त..."

लोकांना वाटलं, बाईंचा कंठ दाटून आला. मुलीची आत्या हुंदके द्यायला लागली. टाळ्या पडल्या. तोवर शब्द परत आले होते. मुलीचा बाप पुढे येऊन तिचा हात दाबत म्हणाला, "इतकं जीव ओतून कोण करतं हो हल्ली!"

निमियाने मान लववून ते आभार घेतले. चुकून आपल्या खात्यात जमा झालेलं परत करायची तिची रीत नव्हती. पण तिला माहीत होतं, कंठबिंठ काही दाटला नव्हता. शब्द ठेवलेल्या जागी हात घातला आणि तिथे फडताळच नव्हतं, असं ते होतं.

महिन्याभरात हे आणखी दोनदा झालं, आणि मग ती डॉक्टर इन्स्फ्रान यांच्यासमोर जाऊन बसली. एकीकडे नवरा रोलांदो आणि दुसरीकडे सासू, दोन्या ओफेलिया. डॉक्टर ओफेलियाबाईंचा मानलेला मुलगा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाईंनी त्याला हातांवर धरलेलं, त्यामुळे तो कितीही मोठा सर्जन झाला तरी बाईंच्या लेखी अजून ओलाच होता.

पडद्यावर मेंदूचं चित्र होतं. डावीकडे, कानाच्या थोडं वर आणि पुढे, एक फिकट डाग.

"वहिनी, हे समजून घ्या," डॉक्टर म्हणाला. त्याने तपासणीच्या पलंगावरच्या उशीचा अभ्रा काढला आणि दोन्ही मुठींत चुरगाळून कोंबला. "मेंदूची वरची साल म्हणजे हे. पसरली तर अभ्र्याएवढी, जाडीला पेरूच्या सालीसारखी. कवटी लहान, म्हणून अशी घड्या घालून बसवलीय. बघणं मागच्या बाजूला, ऐकणं कानापाशी. हात, पाय, तोंड यांचा कारभार या मधल्या पट्टीत. तिथे एका अंगठ्याला जेवढी जागा आहे, तेवढी सगळ्या पाठीला नाही."

"म्हणजे तिथेही वशिला," दोन्या ओफेलिया म्हणाल्या.

"ज्याला काम जास्त त्याला जागा जास्त, काकू. डाग या सालीतही आहे आणि खाली थोडा आतही. काढायचा म्हणजे सालीतून वाट करावी लागेल. आणि बोलण्याची जागा इथेच कुठेतरी आहे."

"कुठेतरी?" निमियाने विचारलं. "म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"गल्ली माहीत आहे. कुणाचं घर कुठलं, ते दार वाजवल्याशिवाय कळत नाही, कारण प्रत्येक माणसात ते वेगळं असतं. म्हणून तुम्हाला जागं ठेवायचं. मी सालीवर बारीक विजेचा स्पर्श करत जाणार, तुम्ही चित्रं बघून नावं सांगणार. जिथे तुमचं नाव अडेल, तिथे मी आकड्याची चिठ्ठी ठेवणार. चिठ्ठी असलेल्या जागेला सुरी लागणार नाही."

"जागं ठेवून कवटी उघडणार?" रोलांदोचा रंग उतरला. डोकं आपलं नसूनही.

"मेंदूला दुखत नाही. साऱ्या अंगाचं दुखणं त्याला कळतं, स्वतःचं कळत नाही."

दोन्या ओफेलिया सोडून सगळ्यांनाच एक माणूस आठवलं असावं, पण कुणी हसलं नाही.

मग डॉक्टरने हातातल्या पेनाकडे बघत विचारलं, "ग्वारानी बोलता का, वहिनी? घरात वगैरे?"

पेनाकडे बघण्याचं कारण होतं. ग्वारानी ही इथल्या मूळ लोकांची, खेड्यापाड्यांतली भाषा. आमच्या शहरात चांगल्या घरच्या बाईला हे विचारणं म्हणजे 'तुमच्या माहेरी जमीन शेणाची होती का' असं विचारण्यासारखं. पुरुषांचं ठीक आहे. पुरुष फुटबॉल, विनोद आणि शिव्या ग्वारानीतच करतात आणि त्यात त्यांची शान असते. बाई बोलली की ती 'ग्वारांगा', म्हणजे अडाणी, फटकळ, चुलीपाशी वाढलेली.

"विचारतो एवढ्यासाठी," तो पुढे म्हणाला, "की दोन भाषा बोलणाऱ्या माणसात कधी कधी दोघींची घरं वेगळी असतात. जी मी तपासणार नाही, तिचं घर मला दिसणारच नाही. रिकामी जागा समजून मी तिच्यावरून सुरी नेईन."

"आमच्या घरात ग्वारानी?" दोन्या ओफेलियांनीच उत्तर दिलं. "काय बाळा हे! आमच्या निमियाला?"

सगळे निमियाकडे बघायला लागले.

"अजिबात नाही," निमिया म्हणाली. "बाजारात चिपाचे पाव विकणाऱ्या बाईशी दोन शब्द, तेवढंच."

डॉक्टरने पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारणं असभ्यपणाचं ठरलं असतं.

खरं काय ते सांगायला हवं. निमियाचा जन्म काआसापाच्या पलीकडच्या एका वाडीतला. तिथे दुसरी भाषा ऐकू यायची ती फक्त पाद्र्याकडून आणि रेडिओवरून. पाद्र्यापेक्षा रेडिओ बरा बोलतो, हे पोरीने लवकर ओळखलं, आणि त्याच्या मागोमाग बोलत बोलत ती राजधानीपर्यंत आली. लग्नात आई आली तेव्हा 'घसा बसलाय तिचा' असं सांगून तिला तीन दिवस गप्प बसवलं. म्हातारी समंजस. मान हलवत राहिली, खाकरत राहिली आणि परत गेली. आता आईचे, म्हणजे न्या बासिलियाचे, दोन्ही डोळे गेले होते. शेजारणीच्या फोनवरून ती लेकीला दर रविवारी हाक मारायची, आणि लेक घरामागच्या धुण्याच्या जागी, नळ सोडून, त्या पाण्याच्या आवाजाआड तिच्याशी बोलायची. म्हातारीला स्पॅनिशचा एक शब्द कळत नव्हता. लेकीचा चेहरा दिसत नव्हता. लेक म्हणून तिच्यापाशी उरला होता तो एवढा आवाज, एवढी भाषा.

रोलांदोला हे ठाऊक होतं की नाही, हे रोलांदोलाही ठाऊक नव्हतं. महिन्याच्या पाण्याचं बिल बघून त्याने एकदा भुवई उचलली होती, मग खाली ठेवली होती.

निमियाने ठरवलं, डॉक्टरला एकांतात सांगायचं. पण एकांत मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा हिंमत मिळाली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चित्रांची तालीम घ्यायला मारिसेल नावाची वाचातज्ज्ञ आली. तरुण, गालावर खळी. आता हिला सांगून टाकू, म्हणून निमियाने दार लोटलंसुद्धा.

"मॅडम, ओळखलं नाहीत ना?" मारिसेल म्हणाली. "माझ्या पंधराव्याला तुम्हीच होतात! आई अजून म्हणते, बोलावं तर त्या बाईंसारखं. मी या कामाला आले ती तुमच्यामुळेच म्हणा ना."

निमियाने लोटलेलं दार परत उघडं केलं. "चला, चित्रं दाखवा," ती म्हणाली.

त्या रात्रीचं काय सांगायचं! सकाळी जाग आली ती मात्र भलत्याच ठिकाणी.

डोकं हलत नव्हतं. तीन खिळ्यांच्या चिमट्यात ते घट्ट धरलेलं होतं. भूल देऊन झोपवून, कवटीची झडप काढून, आता तिला परत उठवलं होतं. वर हिरव्या कापडाचा तंबू. तंबूच्या आत मारिसेलचा चेहरा आणि हातात चित्रांची पाटी. तंबूच्या बाहेर, डोक्याच्या वरच्या अंगाला, जे काही चाललं होतं ते फक्त ऐकू येत होतं. धातूवर धातू, पाणी ओढून घेणाऱ्या नळीची सुरसुर. आणि माणसं. माणसं ग्वारानीत बोलत होती.

"त्या गोलकीपरला बैलगाडी पन अडवता यायची न्हाई," एक आवाज म्हणाला.

"गप ए सिरिलो, बाई उठल्या," हा डॉक्टर, हत्यारं हातात देणाऱ्या मदतनिसाला. लगेच तंबूच्या दिशेने, स्वच्छ स्पॅनिशमधे, "सुप्रभात, वहिनी! काही दुखतंय?"

"नाही, डॉक्टर." जबडा जड होता. दुखत खरंच नव्हतं. आपलं डोकं उघडं आहे, आत हवा लागते आहे, आणि दुखत नाही, हेच भयंकर होतं.

"सुरू करू. मारिसेल."

पहिलं चित्र. "हा आहे... मासा," निमिया म्हणाली. "ही आहे... छत्री. हे आहे... घर." वर कुठेतरी काहीतरी टेकत होतं, तिला ते जाणवतही नव्हतं. मधेच उजव्या हाताचा अंगठा आपणहून वाकला. तिने वाकवला नव्हता. कुणी दुसऱ्याने तिच्या आत बसून वाकवला होता.

"अंगठा. हालचालीच्या चिठ्ठ्या तीन झाल्या," डॉक्टर म्हणाला. "पुढे."

"ही आहे..."

कंगवा होता. तिला दिसत होता. दात दिसत होते, तो केसांतून ओढतात हे ठाऊक होतं, कार्यक्रमाआधी आरशासमोर आपण काय करतो ते आठवत होतं. नाव नव्हतं. सातव्या मेणबत्तीचंच ते नाहीसं झालेलं फडताळ. नाडी मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक वेगाने सुरू झाली.

"अडल्या," मारिसेल म्हणाली.

"चार. चिठ्ठी."

"कंगवा!" निमिया ओरडलीच. "कंगवा, कंगवा."

"हो मॅडम, कंगवाच. तुम्ही छान करताय. घाबरू नका."

घाबरू नका म्हणणाऱ्यांची संख्या मोजली तर जगात घाबरणाऱ्यांपेक्षा जास्त भरेल. कंगवा गेला आणि परत आला, कारण डॉक्टरने विजेची काडी उचलली. सुरी उचलली म्हणून काही परत येत नसतं, एवढा हिशेब तिला चिमट्यात डोकं असतानाही करता येत होता.

आणि तेव्हाच तिने गुपचूप दुसरी परीक्षा सुरू केली. तोंडाने स्पॅनिश सांगायचं, लगेच मनात तीच वस्तू ग्वारानीत म्हणून बघायची. चावी, तोंडाने. चावी, मनात. आहे. कुत्रा, तोंडाने. कुत्रा, मनात. आहे. पाचवी चिठ्ठी बसली, तिथे दोन्ही भाषा अडल्या. ठीक, ती जागा आता सुरीपासून सुटली.

मग खुर्चीचं चित्र आलं.

"ही आहे... खुर्ची," तोंड म्हणालं, नेहमीसारखं घोटीव.

मनात काहीच नव्हतं.

तिने परत हात घातला. आई आंब्याखाली बसते त्या लाकडी बैठकीचं नाव. नाही. आंब्याचं नाव. नाही. मग ती सरळ 'आई' म्हणायला गेली, पोटातून येणारा तो एवढासा शब्द. तोही नाही. भिंत होती. गुळगुळीत, पांढरी. मग काडी उचलली गेली, आणि बैठक, आंबा, आई, सगळे धावत परत आले. जसे काही कुठे गेलेच नव्हते.

"चार आणि पाचच्या मधे कोरं आहे," डॉक्टरचा आवाज खुशीत होता. "नामी. डागाच्या अगदी डोक्यावर. वहिनी, इथून शिरलो तर सगळंच्या सगळं काढता येईल. नशीबवान आहात."



सौदा समोर मांडलेला होता, आणि सौदा चांगला होता, हेच त्यातलं वाईट. गप्प राहिलं तर डाग जाईल. स्पॅनिश राहील. कार्यक्रम राहतील, नवरा राहील, सासूच्या जेवणाच्या टेबलावरची खुर्ची राहील. काय गेलं ते या खोलीत कुणालाही कधी कळणार नाही. जे जाईल ते सगळं एका आंधळ्या म्हातारीच्या वाट्यातून जाईल. शेजारीण फोन तिच्या कानाला लावेल, पलीकडून लेक श्वास घेत राहील, आणि कुणीतरी सांगेल, लेकीचा घसा बसलाय हो. या वेळी कायमचा.

"सिरिलो, दे," डॉक्टर हळूच ग्वारानीत म्हणाला. धातू हातातून हातात गेला.

निमियाने तोंड उघडलं. आता सांगायचं, नीट, शुद्ध वाक्यात, की डॉक्टर, मला आपल्याला काही निवेदन करायचं आहे. शुद्ध वाक्य आलं नाही. तोंडातून जे फुटलं ते वाडीवरून फुटलं.

"थांब रं, मेल्या! थांब! तितं हात लावू नगंस!"

तंबूच्या बाहेर सगळं एकदम थांबलं. नळीची सुरसुर तेवढी चालू राहिली. मारिसेलचं तोंड उघडंच राहिलं.

"कोण बोललं?" भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं.

"मीच बोलतीया," निमिया म्हणाली, पुन्हा ग्वारानीत, आणि आता बांध फुटलाच. "म्या खोटं बोलले, डाक्टर. मला येतंय. माझी पैली भाषाच ती हाय. चार आन् पाचच्या मदी तुमी टोचलं, तवा ती गेली. पार गेली. माज्या आयला दुसरी येत न्हाई, अन् तिला डोळं न्हाईत. तितं कापू नगा."

सिरिलो पहिल्यांदा हसला. भीतीनेही माणसं हसतात. मग डॉक्टर इन्स्फ्रानने ग्वारानीत एक शिवी दिली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, बहुधा स्वतःच्या पेनाला.

"वहिनी," तो म्हणाला, त्याच भाषेत, "सुरी माज्या हातात होती. समजलं का? हातात होती! हे तुमी आदीच सांगायचं!"

"तुमी इचारलं तवा सासूबाई बसल्या व्हत्या."

"काकू?" डॉक्टर म्हणाला. "अवो, काकू स्वयंपाकघरात मोलकरणीला ग्वारानीत ज्या शिव्या देतात, त्या मी लहानपनी त्येंच्याकडूनच शिकलोय!"

इतकी वर्षं नळ सोडून वाहवलेलं पाणी निमियाच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"ग्वारानी कुणाकुणाला येते इथे?" डॉक्टरने खोलीला विचारलं. सगळ्यांनाच येत होती. भूल देणाऱ्यांना, सिरिलोला, दाराशी उभ्या असलेल्या नर्सला. मारिसेलने तंबूत बसल्या बसल्या, गालावरची खळी लपवत, बारीक आवाजात कबूल केलं, "मला पण, मॅडम. आजीमुळे. आईला सांगू नका."

चित्रं पुन्हा पहिल्यापासून. या वेळी ग्वारानीत. मासा, घर, चावी. सिरिलो 'हां' म्हणायचा, नाव बरोबर आलं की. चार आणि पाचच्या मधे काडी टेकली आणि निमियाचं तोंड अर्ध्यावर थांबलं. काडी उचलली. पुन्हा टेकली. पुन्हा थांबलं. डॉक्टरने तिथे सहावी चिठ्ठी ठेवली.

बऱ्याच वेळाने तो तंबूत वाकला. मास्कच्या वर फक्त डोळे.

"वहिनी, सरळ सांगतो. डागाची शेपटी याच जागेच्या खाली गेलीय. ही जागा वाचवायची तर बाजूने, आडून जावं लागेल. शेपटीचा तुकडा मागे राहील."

"ऱ्हायला तर?"

"गप्प बसेल, नाहीतर वाढेल. वाढला तर पुन्हा हेच टेबल, हाच चिमटा. दर काही महिन्यांनी फोटो काढायचा आणि निकाल येईपर्यंत जीव मुठीत धरायचा. आणि सगळं काढलं, तर ही भाषा गेली असं शंभर टक्के मी म्हणत नाही. पण माझ्या आईची असती, तर मी हा जुगार खेळलो नसतो."

इथे कुणी शूर माणूस असता तर त्याने ताडकन उत्तर दिलं असतं. निमियाने वेळ घेतला. तिला वाढणारा तुकडा दिसत होता. कार्यक्रमात उभी आहे, माइक हातात आहे, आणि तो आत अंधारात वाढतोय. प्रत्येक अडलेल्या शब्दाला आता ती विचारणार होती, तू नुसता विसरलायस की तुला कुणी खाल्लंय? आयुष्यभर विचारणार होती. ही भीती आता घरची सून होऊन येणार, आणि तिला माहेरी धाडता येणार नाही.

"ऱ्हाऊ द्या तुकडा," ती म्हणाली.

"नक्की?"

"बिगीबिगी करा, डाक्टर. न्हाईतर माजा इचार बदलंल."

"मग आता एकच काम. बोलत राहायचं. थांबायचं नाही. मी कडेकडेने जाणार. तुम्ही बोलताय तोवर मी ठीक चाललोय. काहीही बोला, पण ग्वारानीत."

काहीही बोला म्हटलं की माणसाला काही सुचत नाही. निमियाने वाडीपासून सुरुवात केली. आईची मातीची भट्टी, त्यात पहाटे सापडलेला साप, तो चिपाबरोबर भाजला गेला तेव्हा वडलांनी 'आज मटण का' असं विचारलेलं. सिरिलो 'हां, हां' करत होता. नळी सुरसुरत होती. मग तिला सासू सापडली, आणि विषयाला तोटा राहिला नाही. दोन्या ओफेलिया नॅपकिनची घडी कशी घालतात, पाहुणा वळला की त्याच्या बुटांकडे कशा बघतात, मासिकातली भविष्यं आपण वाचत नाही असं सांगून त्यातलीच वाक्यं कशा बोलतात. डॉक्टरला एकदा हात बाहेर काढावा लागला.

"हसवू नका वहिनी. माझा हात हलतोय."

"तुमीच म्हनला काय पन बोला."

पुन्हा नळी. आता डॉक्टर बोलत नव्हता. नुसता श्वास ऐकू येत होता, मास्कमधून, तिच्या डोक्याच्या अगदी वर. निमिया परत भट्टीकडे वळली. "मंग आय पाट मांडायची, अन् त्येच्यावर ते घ्यायची... ते..."

ते पांढरं. पोत्यात असतं, हाताला लागतं, चिपाचं करतात.

"ते..."

सिरिलोचा 'हां' आला नाही. मारिसेलचा हात तिच्या हातावर घट्ट झाला. निमियाने 'आय' म्हणून बघितलं. आत्ता, या घडीला, म्हटलेला शब्द. ओठ मिटले आणि उघडले. आवाज नाही. खालीही नाही, मागेही नाही. यंत्राची टिकटिक तेवढी जोरात पळत होती. आणि या वेळी कुणी काडी टेकवली नव्हती, की जी उचलली म्हणजे परत येईल.

"हात काढला," डॉक्टर म्हणाला. "गार पाणी. कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. सगळ्या खोलीने मिळून एका बाईच्या तोंडाकडे कान लावला.

गेली, निमियाने मनाशी म्हटलं, आणि हे म्हटलं स्पॅनिशमधे, म्हणून आणखीच भ्याली.

मारिसेल तिच्यावर वाकली होती. तिचे ओठ पुटपुटत होते, बहुधा प्रार्थना. डोळ्यांतून एक थेंब निमियाच्या गालावर पडला, तो पुसायला निमियाला हात उचलता येत नव्हता.

"...पीठ," निमिया म्हणाली.

"हां!" सिरिलो ओरडला.

"पीठ. पीठ घ्यायची. अन् मीठ, अन् चीज, अन् अंडी."

"बास," डॉक्टर म्हणाला. त्याने मोठ्याने श्वास सोडला. "इथेच थांबायचं. यापुढे एक केसभरही नाही."

"किती ऱ्हायलं आत?"

"भाताच्या शितापेक्षा जास्त. शेंगदाण्यापेक्षा कमी. आता ऐका, वहिनी. आता झडप बसवायची. उद्या-परवा सूज चढेल, तेव्हा कदाचित काहीच बोलता येणार नाही, ना ही भाषा ना ती. ते उतरतं. घाबरायचं नाही."

"उतरतंच?"

"बहुतेकांचं उतरतं," डॉक्टर म्हणाला. खरं बोलायची आता त्या खोलीत सवय लागली होती. "बाहेर काकू आणि रोलांदो बसलेत. काय सांगू त्यांना?"

"डाग काढला म्हनावं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय बी सांगू नगा," निमिया म्हणाली. एवढं सगळं होऊनही.

कवटीचा तुकडा जागेवर बसल्याचा आवाज तिच्या दातांत आला. मारिसेलने पाटी मिटली. "मॅडम, आता बोलायची गरज नाही. झोपा."

पण निमिया थांबली नाही. ती भट्टीशी परत गेली, आणि तिथलं एकेक घ्यायला लागली. पाट. राख. पाणी. लाकडं. केळीचं पान. एकेक शब्द हातात धरून बघायचा, आहे, आणि पुढचा उचलायचा. मिटलेल्या तोंडात ते कुणी चोरून नेईल, अशी तिची समजूत झालेली. भूल देणाऱ्यांनी नळीत औषध सोडलं.

"कोंबडी," निमिया म्हणाली.

"हां," सिरिलो म्हणाला. त्याचं काम संपलं होतं, टाके दुसरेच घालत होते, पण तो डोक्यापाशी उभा होता.

"दोरी."

"हां."

"हीर." जीभ जड झाली. "ते... हिरीवरचं... ते..."

सिरिलो वाट बघत राहिला. मारिसेलने भूल देणाऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, औषध आहे ते, औषधानेच. बहुतेक औषधानेच. निमियाचे डोळे मिटले होते, पण ओठ अजून त्या शब्दावर हलत होते. सिरिलो खाली वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला, आणि कुणी मागे ओढेपर्यंत तसाच वाकून राहिला.